कंसातला शब्द

मिरजेत आमच्या आईला कुणी विचारलं की मुलगी अमेरिकेत काय करते, तर ती सांगायची, "पीए आहे." पुढचा प्रश्न ठरलेला. "कुणाची? मंत्र्याची?" आपल्याकडे पीए म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो सफारी घातलेला, दोन फोन सांभाळणारा, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणणारा माणूस. मग आई घाईघाईनं दुरुस्ती करायची, "तसलं नाही हो, दवाखान्यात. डॉक्टरांच्या हाताखाली." हे शेवटचे तीन शब्द तिनं मला कधी ऐकू दिले नव्हते. एकदा फोन चालू राहिला आणि ऐकू आले.

हाताखाली. वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण माझ्या परवान्यावरचं नाव तेच सांगत होतं. फिजिशियन असिस्टंट. मराठीत करायला गेलं तर वैद्य-मदतनीस वगैरे काहीतरी होतं, ते कुणाच्या तोंडी बसत नाही.

मी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला, चिप बनवणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात, एका फॅमिली क्लिनिकमध्ये काम करते. पुण्यात फिजिओथेरपी शिकले, लग्न होऊन इथं आले, डिपेंडंट व्हिसावर तीन वर्षं घरात काढली आणि एकतिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात जाऊन बसले. सत्तावीस महिन्यांची मास्टर्स, त्यातला निम्म्याहून थोडा कमी काळ वेगवेगळ्या वॉर्डांत रोटेशन, शेवटी तीनशे प्रश्नांची परीक्षा, मग राज्याचा परवाना. दिवसाला अठरा-वीस पेशंट बघते. तपासते, निदान करते, रक्त-लघवी-एक्सरे सांगते, औषधं लिहून देते, टाके घालते, नखुरडं कापते. माझ्या शेजारच्या खोलीत एमडी डॉक्टर असतात. अडलं तर दार ठोठावते, आठवड्यातून दोन-तीनदा. ते मला नेमून दिलेलं काम मी 'असिस्ट' करते असं क्वचितच काही घडतं.

एक प्रसंग सांगते. नाशिकचे एक काका, मुलाकडे सहा महिने आलेले, छातीत जळजळ म्हणून आले. माझं आडनाव वाचून खूश झाले. पंचवीस मिनिटं मी त्यांना तपासलं, ईसीजी काढला, गोळ्यांची पिशवी उलटी करून प्रत्येक पाकीट बघितलं, त्यातल्या दोन वेदनाशामक गोळ्या एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या होत्या आणि काका दोन्ही घेत होते. ती बंद केली, दुसरं औषध लिहिलं, मुलाला समजावलं. सगळं झाल्यावर काकांनी शर्टाची बटणं लावली, खुर्चीत नीट बसले आणि अगदी आपुलकीनं म्हणाले, "छान तपासलंत हो. आता डॉक्टर कधी येतील?"

मी म्हणाले, "काका, डॉक्टर येणार नाहीत. मीच." ते माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघत राहिले. बिल्ल्यावर असिस्टंट लिहिलं होतं. चूक काकांची नव्हती.

या नावाची गोष्ट जुनी आहे. 1965 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर कमी होते आणि नौदलातून परतलेल्या वैद्यकीय जवानांकडे हातचं कौशल्य होतं पण बाहेरच्या जगात त्याला कागद नव्हता. चार जणांनी सुरुवात केली, 6 ऑक्टोबर 1967 ला तिघे बाहेर पडले. त्या तिघांना असिस्टंट म्हणणं त्या वेळी बरोबरच असेल. पण गंमत म्हणजे 'असोसिएट' हा शब्दही तेव्हापासूनच फिरत होता. येल विद्यापीठाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकापासून फिजिशियन असोसिएट याच नावानं चालतो. म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम असोसिएटचा, आणि परवाना मात्र असिस्टंटचा.

मराठी माणसाला हा फरक लगेच कळेल, कारण आपल्या कॉलेजांत सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक असतात. सहायकाला सहयोगी व्हायला किती वर्षं, किती पेपर आणि किती फेऱ्या लागतात ते ज्याच्या घरात प्राध्यापक आहे त्याला विचारा. अक्षरं तीनच बदलतात.

आमच्या राष्ट्रीय संघटनेनं काही वर्षं सल्लागार कंपन्या लावून या नावाचा अभ्यास करवून घेतला. त्यांनी सुचवलं 'मेडिकल केअर प्रॅक्टिशनर'. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी जी करमणूक झाली ती विचारू नका. इतकी वर्षं पेशंटच्या तोंडात बसलेली 'पीए' ही दोन अक्षरं टाकून एमसीपी कोण म्हणणार? शेवटी मे 2021 मध्ये संघटनेच्या प्रतिनिधिगृहानं 198 विरुद्ध 68 मतांनी फिजिशियन असोसिएट हे नाव घेतलं. अक्षरं तीच राहिली. डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, लगेच विरोध नोंदवला: पेशंटचा गोंधळ होईल.

आणि इथं सुरू झाला खरा तमाशा. संघटनेनं स्वतःचं नाव बदललं, पण आम्हा सभासदांना बजावलं की तुम्ही हे नाव लावायचं नाही. कारण परवाना देतं राज्य, आणि राज्याच्या कायद्यात जोवर असिस्टंट आहे तोवर असोसिएट म्हणवून घेणं म्हणजे आपल्याकडे नसलेली उपाधी लावणं. संघटना असोसिएटांची, सभासद सगळे असिस्टंट. सासरी नाव बदललं पण आधार कार्डावर माहेरचंच, अशी अवस्था. ती तीन वर्षं टिकली.

खरं सांगायचं तर मला त्या तीन वर्षांत नावाचं फारसं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं ते कामाच्या अटींचं, आणि त्या ओरेगननं 2021 च्याच एका कायद्यानं बदलल्या होत्या. त्याआधी आमच्यावर 'सुपरवायझिंग' डॉक्टर असायचा. कुणाच्या देखरेखीखाली काम करतो याचा करार राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे असायचा, तो डॉक्टर नोकरी सोडून गेला की आमचं काम अडायचं. मी स्वतः एकदा अकरा दिवस घरी बसले आहे, कारण माझे डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्यांचे कागद यायचे होते. नव्या कायद्यानं 'देखरेख' काढून 'सहकार्य' आणलं. कामाच्या जागेशी सहकार्याचा करार, आणि आपल्या कामाची जबाबदारी आपली. म्हणजे पेशंटला काही इजा झाली तर जबाब मलाच द्यायचा. तेव्हा कुणी तरी म्हणालं, जबाबदारी सहयोग्याची आणि पाटी सहायकाची, हे कसं? हा मुद्दा मला पटला.

2024 च्या फेब्रुवारीत सेलममध्ये, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाचं छोटं अधिवेशन होतं. सम वर्षी ते पस्तीस दिवसांचंच असतं. त्यात हाउस बिल 4010 आलं. ते केवळ आमच्यासाठी आलं असं मुळीच नाही. आरोग्य खात्याशी संबंधित बारीकसारीक दुरुस्त्यांची ती मोट होती, आणि त्या मोटेत आमचं नाव. विधेयकाचं शीर्षकही इतकं मोघम की 'आरोग्यसेवेविषयी' यापलीकडे काही कळू नये. मला आधी अपमान वाटला. एवढा मोठा बदल आणि तो असा इतर सामानाबरोबर? आमच्यातली एक अनुभवी बाई म्हणाली, अगं, एकटं विधेयक पाठवलं असतं तर सगळ्यांच्या नजरेत आलं असतं. गर्दीच्या एसटीत एखादं बोचकं जास्त असलं तर कंडक्टर बघत नाही.

मी विधेयक डाउनलोड करून वाचायला बसले. कायद्याचा मसुदा आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते. तिथली पद्धत अशी की कायद्यातून जे काढायचं ते तिरप्या अक्षरांत चौकटी कंसात टाकतात आणि जे घालायचं ते ठळक छापतात. त्यामुळे ओळ अशी दिसायची: फिजिशियन, मग कंसात तिरका असिस्टंट, मग ठळक असोसिएट. पुढच्या ओळीत पुन्हा. पुढच्या पानावर पुन्हा. आमचा परवाना ज्या 677 व्या प्रकरणात आहे तिथं तर जागोजागी. सुरुवातीला उत्साहानं वाचलं, मग चाळलं, मग नुसतं खाली सरकवत गेले, आणि कंस मोजायला लागले. शंभराच्या आतच नाद सोडला. 'असिस्टंट' हा शब्द एकदाच कुठंतरी लिहिलेला असेल आणि तो बदलला की झालं, अशी माझी समजूत होती. तो असा गाजरगवतासारखा सगळीकडे उगवलेला आहे हे मला माहीतच नव्हतं.

नवरा मागून डोकावून म्हणाला, "फाइंड अँड रिप्लेस करायचं की." तो सॉफ्टवेअरवाला. त्याला सांगितलं, कायद्यात तो हक्क फक्त विधिमंडळाला असतो, आणि तेही दोन सभागृहं आणि एक राज्यपाल मिळून.

आता माझी साक्ष. ओरेगनमध्ये कुणीही नागरिक, किंबहुना कुणीही माणूस, विधेयकावर लेखी म्हणणं पाठवू शकतो. संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकायचा, आपलं नाव-गाव टाकायचं, तीनपैकी एक भूमिका निवडायची (पाठिंबा, विरोध, तटस्थ) आणि मजकूर चढवायचा. सुनावणी सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत घेतात. मी ग्रीन कार्डवाली, मत देता येत नाही, पण म्हणणं देता येतं याचं मला फार अप्रूप वाटलं.

तीन रात्री लिहीत बसले. पहिल्या खर्ड्यात स्टेडसाहेब, व्हिएतनाम, नौदल सगळं आलं. ते कापलं. दुसऱ्यात माझं शिक्षण, किती तास, किती परीक्षा. वाचून बघितलं तर लग्नाच्या बायोडाटासारखं वाटलं. शेवटी फक्त नाशिकच्या काकांची गोष्ट ठेवली, नावगाव गाळून. बिल्ल्यावरच्या एका शब्दानं पंचवीस मिनिटांच्या तपासणीवरचा विश्वास कसा उडाला, आणि काका त्या औषधबदलावर घरी जाऊन अंमल करतील की 'खऱ्या डॉक्टरां'ची वाट बघतील याची मला कशी धाकधूक होती. एक पान झालं. बरं झालं होतं, असं अजूनही वाटतं.

आणि मग मी ते विरोधात नोंदवलं.

झालं असं की भूमिकेच्या यादीत मी 'पाठिंबा' निवडला, आणि मग पानाच्या तळाचं बटण शोधायला माउसचं चाक फिरवलं. कर्सर अजून त्या यादीवरच होता. चाकाबरोबर निवडही खाली सरकली. मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हौसेनं स्वतःचं नाव बघायला गेले, तर माझ्या नावासमोर विरोध. मजकूर सगळा बाजूचा, शिक्का सगळा उलटा. आमच्या ग्रुपवर तोवर एकीनं स्क्रीनशॉट टाकलेला: "ही कोण आहे? पीए असून आपल्याच विरोधात?" ही मीच, असं लिहायला मला दहा मिनिटं लागली. समितीच्या कर्मचाऱ्याला ईमेल केला, खजील होऊन, जरा जास्तच माफी मागून. त्यांनी दुरुस्त करून दिलं. त्यांच्या उत्तराच्या सुरावरून वाटलं, हे त्यांना रोजचंच असावं.

गंमत अशी की त्या चुकीनं मला विचार करायला लावला. कारण विरोध म्हणून नोंदलेली ती साक्ष मी विरोधकाच्या डोळ्यांनी पुन्हा वाचली, आणि ती तशीही वाचता येत होती! काकांचा गोंधळ खरा. पण बिल्ल्यावर असोसिएट असतं तर काका काय समजले असते? मी डॉक्टरच आहे असं. मग विश्वास वाढला असता, पण तो चुकीच्या समजावर. आमच्या शेजारच्या खोलीतले एमडी, ज्यांच्याशी माझं उत्तम जमतं, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वकिलांच्या फर्ममध्ये असोसिएट हा वकीलच असतो. दवाखान्यातला असोसिएट ऐकल्यावर लोक काय समजतील?" मी वाद घातला नाही. घालण्यासारखा होता, पण त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. मी पाठिंबाच ठेवला. फक्त त्या दिवसापासून खोलीत शिरल्यावर माझं पहिलं वाक्य बदललं. आता मी नावानंतर लगेच सांगते की मी पीए आहे, डॉक्टर नाही, आणि आज तुम्हाला मीच बघणार आहे. आधी मी हे पेशंटनं विचारलं तर सांगायचे.

सुनावणी मी ऑनलाइन बघितली, डबा खात, आवाज म्यूट करून, खाली उमटणारी अक्षरं वाचत. जायची फार इच्छा होती; पोर्टलंडहून सेलम तासाभराचा रस्ता. पण त्या काळात विधिमंडळाच्या इमारतीचं भूकंपापासून बचावाचं मोठं काम चालू होतं, अर्धी इमारत बंद, आणि सुट्टी घ्यायची तर वीस पेशंट पुढं ढकलायचे. फार काही बघण्यासारखंही नव्हतं. आमच्या विषयावर जितका वेळ गेला त्यापेक्षा जास्त वेळ माझ्या डब्यातली भेंडी संपायला लागला.

मग शांतता. विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात गेलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात अधिवेशन संपलं, एप्रिलमध्ये गव्हर्नर टीना कोटेक यांची सही झाली. हे नाव कायद्यात घेणारं ओरेगन पहिलं राज्य. अंमल अधिवेशन संपल्यापासून एक्क्याण्णवाव्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. ग्रुपवर केक, फुगे, रडके चेहरे. मी आईला फोन केला. तिकडे सकाळ, ती दूध तापवत होती.

"आई, आता मी असिस्टंट नाही. असोसिएट."

"प्रमोशन झालं?"

"नाही, नाव बदललं. कायद्यानं."

"पगार?"

"तोच."

थोडा वेळ फक्त गॅसचा आवाज. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांचं झालं होतं तसं."

हे मी विसरले होते. माझे आजोबा, वडिलांचे वडील, मिरजेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटलमुळे शे-सव्वाशे वर्षांपासून दवाखान्यांचं गाव. तिथं कंपाउंडरला मान होता. लहानपणी मी त्यांच्याकडून बाटलीवरची पट्टी करायला शिकले होते. कागदाची उभी पट्टी घ्यायची, घडी घालून दोन्ही कडांना कात्रीनं खाचा द्यायच्या, उलगडली की करवतीसारखी दिसते. ती खळीनं मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवायची, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. घोटाळा नको म्हणून आजोबा खाचा डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं मोजायचे. 1948 च्या फार्मसी कायद्यानं औषधं देणाऱ्यांची नोंदणी आली, आणि डिप्लोमा नसला तरी पाच वर्षं हे काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. आजोबा त्यातले. कायद्यानं ते फार्मासिस्ट झाले. आईनं लग्न होऊन आल्यावर घरात ते प्रमाणपत्र काचेत बघितलेलं, देवघराच्या शेजारी टांगलेलं. पण गल्लीत ते अखेरपर्यंत कंपाउंडरकाकाच. अंत्ययात्रेच्या दिवशीही फळ्यावर कुणीतरी खडूनं तेच लिहिलं होतं. "त्यांना वाईट वाटायचं का गं?" मी विचारलं. आई म्हणाली, "त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पण पोस्टमननं पाकिटावर कंपाउंडर लिहिलेलं पत्र आणलं की ते लवकर उघडायचे नाहीत."

जूननंतरचं काम म्हणजे निव्वळ कारकुनी, आणि त्याबद्दल कुणीच आधी सांगितलं नव्हतं. बिल्ला नवीन मिळाला, त्याला तीन आठवडे. दाराबाहेरच्या पाटीला त्याहून जास्त, कारण पाटीवर माझ्याबरोबर आणखी चौघांची नावं आणि पाटी एकसंध. पेशंटला भेटीनंतर जो सारांशाचा कागद छापून मिळतो त्यावर नोव्हेंबरपर्यंत असिस्टंट येत होतं; कॉम्प्युटरच्या ज्या रकान्यातून तो शब्द येतो तो रकाना कुणाच्या अखत्यारीत हेच सापडेना. बिल्ल्यावर एक, कागदावर दुसरं. एका चौकस आजींनी दोन्ही शेजारी धरून मला विचारलं, "यातली तू कुठली?"

आणि राज्य बदललं तरी देश बदललेला नाही. मेडिकेअरच्या कायद्यात आम्ही अजून असिस्टंट. बिलांसाठी जो राष्ट्रीय क्रमांक असतो त्याच्या वर्गवारीतही तेच. वेदनाशामक वगैरे नियंत्रित औषधं लिहायला केंद्राची जी वेगळी नोंदणी लागते तिथं तर आम्हाला 'मिड-लेव्हल' म्हणतात, आणि म्हणून माझा क्रमांक एम या अक्षरानं सुरू होतो. असिस्टंटवरून एवढं रामायण झालं, पण त्या 'मधल्या पातळी'बद्दल कुणी चकार शब्द काढलेला मी ऐकला नाही. मला विचाराल तर तोच जास्त खटकायला हवा. राष्ट्रीय परीक्षेनंतर नावापुढं लागणारी माझी उपाधी मात्र होती तशीच आहे, कारण ती 'पीए-सी' अशी नुसती अक्षरं आहेत.

आमच्या मागोमाग 2025 मध्ये मेन आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांनीही नाव बदललं. त्याच वर्षी जुलैमध्ये कोल्हापूरच्या माझ्या एका मैत्रिणीचा लेस्टरहून मेसेज आला. ती तिकडे हेच काम करते. ब्रिटननं असिस्टंटचं असोसिएट 2014 मध्येच करून टाकलं होतं, आम्ही त्यांचा दाखला द्यायचो. पण तिथं पेशंटांना आपण डॉक्टरला भेटलो असं वाटलं आणि प्रत्यक्षात तो डॉक्टर नव्हता, अशा प्रकरणांवरून मोठं वादळ उठलं. डिसेंबर 2024 मध्ये त्यांची नोंदणी डॉक्टरांच्याच नियामक मंडळाकडे सुरू झाली, आणि सातच महिन्यांत प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या अहवालानं शिफारस केली की यांना पुन्हा असिस्टंट म्हणा. सरकारनं ते मान्यही केलं. मैत्रिणीनं लिहिलं होतं: "तुमचं उद्घाटन, आमचं विसर्जन. तुझा जुना बिल्ला टाकला नसशील तर पाठव." मी हसणारा चेहरा टाकला आणि मग बराच वेळ काही सुचेना. तो अहवाल सवड काढून वाचला. नाशिकच्या काकांची माझी गोष्ट तिथं उलट्या बाजूनं, कितीतरी लोकांच्या तोंडून आलेली होती.

आपल्याकडे भारतात 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट आहे. म्हणजे मिरजेत परत गेले तर निदान कागदावर भांडण नाही. आईचा प्रश्न मात्र सुटत नाही. ती आता लोकांना सांगते, "पीए आहे, पण मंत्र्याची नाही, आणि हाताखाली पण नाही." समोरचा आणखीच गोंधळतो.

जुना बिल्ला मी टाकलेला नाही. टाकताच येणार नाही. महिन्यातून दोन शनिवार मी नदीपलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये, एका अर्जंट केअरमध्ये जादा पाळी करते. मध्ये कोलंबिया नदी, तिच्यावर उचलता पूल. उत्तरेकडे जाणारा भाग 1917 सालचा. पलीकडच्या राज्यानं कायदा बदललेला नाही, त्यामुळे तिथं असोसिएट म्हणवून घेणं नियमात बसत नाही. परवाना वेगळा, बिल्ला वेगळा. दोन्ही बिल्ले गाडीत गिअरच्या पुढच्या खाचेत पडलेले असतात, सुट्ट्या नाण्यांबरोबर. मागच्या खेपेला जहाजासाठी पूल वर गेला आणि आम्ही सगळे इंजिन बंद करून उभे. वेळ होता म्हणून तिथंच बिल्ला बदलून घेतला. गळ्यात अडकवताना बघितलं तर फोटोतली मी सहा वर्षांनी तरुण. पहिला पेशंट, मनगट मुरगळलेला एक सतरा वर्षांचा मुलगा, बिल्ला वाचून म्हणाला, "असिस्टंट? मग डॉक्टर येणार?"

"नाही," मी म्हणाले. "मी पीए आहे, डॉक्टर नाही, आणि आज तुला मीच बघणार आहे. हात टेबलावर ठेव. बोटं हलवून दाखव."